ख्रिस्ती ईशज्ञान आणि उपासनाविधी : पदव्युत्तर पातळीवर शिकायचं म्हणजे काय?

दारातच एका जुन्या मित्राने आम्हाला अडवलं. म्हणाला, "सर, परभणीत हा विषय ऐकायला येणार कोण?" आम्ही म्हटलं, आपल्याकडे म्हणतातच ना, जगात जर्मनी अन् भारतात परभणी! जर्मनीचा या विषयाशी दोनशे वर्षांहून जुना संबंध आहे. परभणीचा काय, ते बोलता बोलता निघेलच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही ख्रिस्ती नाही. आमचं घर वारकरी. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यात धर्माचं तत्त्वज्ञान हा एक पेपर असायचा. त्या पेपरामुळे आमच्याकडे एक विद्यार्थी आला आणि त्याच्यामुळे आजचा विषय.

हा मुलगा आपल्याच जिल्ह्यातला, खेड्यातला, ख्रिस्ती कुटुंबातला. बी.ए.ला आमच्याकडे तत्त्वज्ञान होतं. पुढे दूरच्या शहरात जाऊन त्याने बी.डी. केलं. बी.डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, पाळक व्हायचं असेल तर लागणारी पदवी. सगळं शिक्षण इंग्रजीत. तो तिकडे असतानाच त्याची आजी वारली. गावातल्या पाळकांना यायला उशीर झाला, तेव्हा लोक याला म्हणाले, बाबा, तू शिकलास ना, तूच प्रार्थना कर. हा उभा राहिला. पुनरुत्थानावर त्याने वीस पानी निबंध लिहिला होता, पण आजीच्या मातीपाशी त्याला मराठीत चार वाक्यं सुचेनात. शेवटी आजीच्याच वयाच्या एका बाईने टिळकांचं गीत सुरू केलं आणि वेळ निभावली.

पुढे तो आमच्याकडे आला. म्हणाला, "सर, एम.टीएच. करायचंय, मराठी उपासनेवर. पण मार्गदर्शक म्हणतात, मराठीत साधनंच नाहीत, दुसरा विषय घे." आता ही अडचण एकट्या त्याची नाही. आपल्या भाषेत गंभीर विचार करता येतो की नाही, असा तो प्रश्न आहे. म्हणून आज तीन गोष्टी पाहू : ही विद्या काय आहे, ती कशी शिकतात, आणि मराठीत साधनं खरंच नाहीत का.

पहिली अडचण नावापासूनच आहे. थिऑलॉजीला मराठीत काय म्हणायचं? धर्मशास्त्र म्हटलं की आपल्याला मनुस्मृती आणि पां. वा. काणे आठवतात. म्हणून कोणी ईश्वरविद्या म्हणतात, कोणी ईश्वरविज्ञान, कोणी ईशज्ञान. आम्ही ईशज्ञान हा शब्द वापरू. अकराव्या शतकातल्या अँसेल्मने या विद्येचं वर्णन केलं ते असं, की श्रद्धा आहेच, आता तिला समजून घ्यायचं आहे. म्हणजे ईशज्ञानाचा अभ्यासक शून्यातून सुरुवात करत नाही. एका समाजाची श्रद्धा समोर आहे, तिचे ग्रंथ आहेत, आचार आहेत. त्यांना तो विचारतो : तुम्ही जे म्हणता त्याचा अर्थ काय? ते एकमेकांशी जुळतं का? कुठून आलं? आज त्याचं काय करायचं?

यावर तत्त्वज्ञानाचा माणूस लगेच हरकत घेणार. निष्कर्ष आधीच ठरलेला असेल तर ती विद्या कसली? हा वाद जर्मनीत रंगला. कान्टने १७९८ मध्ये विद्याशाखांच्या भांडणावर एक पुस्तकच लिहिलं. त्या काळी ईशज्ञान, कायदा आणि वैद्यक या वरच्या शाखा आणि तत्त्वज्ञान खालची. कान्टचं म्हणणं असं, की वरच्या शाखा सरकारच्या कामाच्या, म्हणून त्यांच्यावर हुकूम चालतो. सत्याची तपासणी करायला खालची शाखा मोकळी पाहिजे. पुढे १८१० मध्ये बर्लिनचं विद्यापीठ निघालं, तिथे श्लायरमाखरने वेगळं उत्तर दिलं. तो म्हणाला, वैद्यक बघा. त्यात रसायन आहे, शरीरशास्त्र आहे, पण या सगळ्यांना एकत्र बांधतं काय? रोगी बरा करण्याचं काम. तसंच ईशज्ञानाचं. त्यात भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान सगळं आहे, आणि मंडळी नीट चालवण्याचं काम त्यांना एकत्र बांधतं. आजही जर्मनीत ट्यूबिंगनसारख्या सरकारी विद्यापीठात प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही ईशज्ञान शाखा आहेत.

मग आपल्याकडे का नाहीत? मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघाली. ईशज्ञानाची शाखा त्यांत नव्हती. लगेच १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने सरकारने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं ठरलं. स्वातंत्र्यानंतर घटनेचं कलम २८ आलं : पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. पण बरं का, 'धार्मिक शिक्षण' वेगळं आणि 'धर्मांचा अभ्यास' वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात हा फरक मान्य केला. मद्रास आणि म्हैसूर विद्यापीठांत ख्रिस्ती धर्माच्या अभ्यासाचे विभाग आहेत ते याच वाटेने.

म्हणून आपल्याकडे ही विद्या मुख्यतः सेमिनरीत वाढली. श्रीरामपूर कॉलेज १८१८ मध्ये निघालं. आपलं नगरजवळचं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं सेरामपूर! तेव्हा ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन पदव्या देण्याचा अधिकार दिला. बी.डी. आणि एम.टीएच. या पदव्या आजही देशभरातली अनेक महाविद्यालयं सेरामपूरच्या सिनेटमार्फत देतात. महाराष्ट्रात पुणे हे मोठं केंद्र. कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत सुरू झालं आणि १९५५ मध्ये पुण्याला आलं. युनियन बिब्लिकल सेमिनरी तर आपल्या शेजारच्या यवतमाळची. ती १९८३ मध्ये पुण्याला गेली.

आता दुसरी गोष्ट, शिकतात काय? ढोबळमानाने चार भाग. एक, बायबलचा अभ्यास, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक. दोन, मंडळीचा इतिहास. तीन, सिद्धान्त, म्हणजे ईश्वर, ख्रिस्त, कृपा, मुक्ती यांचा व्यवस्थित विचार. चार, व्यवहार : प्रवचन, समुपदेशन आणि उपासनाविधी. बी.डी.ला चारही भाग घ्यावे लागतात. एम.टीएच.ला एकात खोल जायचं आणि प्रबंध लिहायचा. बी.डी.चा विद्यार्थी 'मंडळी काय मानते' ते सांगतो, एम.टीएच.च्या विद्यार्थ्याने 'हे असं का मानलं गेलं, आणि दुसरं काय मानता आलं असतं' ते सांगायचं असतं.

सिद्धान्ताचं एक उदाहरण घेऊ. येशूच्या जन्माला मराठीत 'अवतार' म्हणायचं की 'देहधारण'? वरवर पाहता शब्दाचा प्रश्न. पण खोल गेलं की दोन अडचणी निघतात. अवतार गरज पडेल तेव्हा पुन्हा पुन्हा होतो. ख्रिस्ती सिद्धान्त सांगतो, हे एकदाच झालं, इतिहासातल्या ठरावीक काळी. म्हणून तर त्यांच्या श्रद्धेच्या कबुलीत पिलात नावाच्या एका रोमन अधिकाऱ्याचं नाव येतं! एखाद्या आरतीत तालुक्याच्या तहसीलदाराचं नाव यावं तसं. (हशा.) पण ते तिथे मुद्दाम आहे : ही घटना अमुक कारकिर्दीत घडली, हे सांगायला. दुसरी अडचण अशी, की अवतारात देवाने मनुष्याचं रूप घेतलं म्हटलं तर ते नुसतं सोंग ठरू शकतं. भूक, वेदना आणि मरण खरं होतं की देखावा? ४५१ मध्ये खाल्कीदोनच्या परिषदेने उत्तर दिलं : एकच व्यक्ती, पण पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. मराठीत 'देहधारण' शब्द रुळला त्यामागे ही सगळी काळजी आहे.

पण थांबा. आपल्याकडे तरी 'अवतार' शब्दाचा अर्थ एकच आहे का? महानुभावांचे पंचकृष्ण घ्या. त्यांच्या मते देवतांचे अवतार वेगळे आणि परमेश्वराचे अवतार वेगळे. म्हणजे मराठवाड्याच्या मातीत अवतार या शब्दावर तेराव्या शतकापासून बारीक विचार झालेला आहे. एखाद्या विद्यार्थ्याने 'महानुभावांचा अवतारविचार आणि ख्रिस्ती देहधारण' असा विषय घेतला, तर तो ट्यूबिंगनमध्ये बसून जमणार नाही, इथेच जमेल. हा झाला परभणीचा संबंध.

आता उपासनाविधी, म्हणजे लिटर्जी. मूळ ग्रीक शब्द लैतुर्गिया. त्याचा अर्थ सार्वजनिक काम, लोकांसाठी केलेली सेवा. कॅथलिक तिला मिस्सा म्हणतील, प्रोटेस्टंट प्रभुभोजन म्हणतील. पुष्कळांना वाटतं, विधी म्हणजे टरफल आणि सिद्धान्त म्हणजे दाणा. या विद्येचं म्हणणं उलट आहे. माणसं जशी प्रार्थना करतात तशी हळूहळू मानू लागतात. पाचव्या शतकापासून हे सूत्र चालत आलंय. आपल्या घरचं पाहा ना. वारकऱ्याने अद्वैत पुस्तकातून शिकलेलं नसतं. वारीत एकमेकांच्या पाया पडून ते त्याच्या अंगात उतरतं.

उपासनाविधीच्या अभ्यासात तीन कामं असतात. पहिलं, जुनी साधनं वाचणं. रोममध्ये इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन नावाचा एक तत्त्वज्ञ होता, त्याने रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलंय. लोक जमतात, ग्रंथवाचन होतं, प्रमुख बोध करतो, सगळे उभं राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस येतो, आभारप्रार्थना होते, लोक आमेन म्हणतात, वाटप होतं, न आलेल्यांच्या घरी वाटा पोहोचवतात. ज्यांना शक्य आहे ते पैसे देतात आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांची सोय होते. आज परभणीच्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी जाऊन बसा. क्रम बहुतेक हाच दिसेल.

दुसरं काम, साधनांची परीक्षा. हे अवघड. विसाव्या शतकात बहुतेक विद्वान मानत होते, की 'अपोस्टॉलिक ट्रॅडिशन' नावाचा ग्रंथ रोमच्या हिप्पोलिटसने इ.स. २१५ च्या आसपास लिहिला. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर कॅथलिकांनी मिस्सात सुधारणा केल्या, तेव्हा त्यातल्या प्रार्थनेच्या आधारे एक नवी प्रार्थना तयार झाली. जगभर ती म्हटली जाते, मराठीतही. आणि मग पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की हा ग्रंथ एका हातचा दिसत नाही, वेगवेगळ्या काळचे थर त्यात आहेत. आता काय करायचं? प्रार्थना खोटी ठरली का?

आमचा विद्यार्थी इथे अडकला होता. आम्ही त्याला पैठणला नेलं, म्हणजे गोष्टीतून! नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवल्या, पाठभेद तपासले, शुद्ध प्रत सिद्ध केली. घुसलेल्या ओव्या बाजूला केल्या. त्याने वारकऱ्यांची श्रद्धा कमी झाली का? उलट ज्ञानेश्वरी टिकली ती त्या चिकित्सेमुळे. भक्त असूनही चिकित्सा करता येते, किंबहुना भक्ताने ती करायलाच पाहिजे, याचा दाखला मराठवाड्यात चारशे वर्षांपूर्वीचा आहे.

तिसरं काम, आज चाललेली उपासना डोळे उघडे ठेवून पाहणं. कोण कुठे बसतं, कोण बोलतं, कोण गप्प राहतं, पेटी-तबला आहे की गिटार, पुस्तकातली भाषा आणि घरची भाषा यांत अंतर किती. इथे भारतात एक मोठा वाद झाला. लोकभाषेत उपासना करायला व्हॅटिकनच्या परिषदेने १९६३ मध्ये वाट मोकळी केली. मग १९६९ मध्ये भारतासाठी बारा बाबींना मंजुरी मिळाली : जमिनीवर बसणं, पंचांग प्रणाम, अंजली, आरती, उदबत्ती, तेलाचे दिवे. हेतू चांगला, की उपासना परकी वाटू नये. पण एक प्रश्न उभा राहिला : 'भारतीय' म्हणजे कोणाचं? अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरला एक व्याख्यान दिलं, त्यातून दलित ईशज्ञानाचा पाया घातला गेला. त्यांचा रोख असा, की भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशीच बोलत बसला. मंडळीत बसलेले बहुसंख्य दलित आहेत, त्यांचं दुःख या विचारात कुठे आहे? ज्या देवळात ज्यांच्या आजोबांना पाय ठेवू दिला नाही, त्या देवळातली आरती त्यांच्या चर्चमध्ये आणून तुम्ही त्यांना 'हे तुमचंच' म्हणणार का?

मंडळी, हा प्रश्न आम्हाला टोचतो, कारण ती आरती आमच्या घरची आहे. आम्हाला ती सगळ्यांची वाटत होती. विद्यार्थ्याने शांतपणे सांगितलं, "सर, माझ्या आजीला आरती नको होती. तिला टाळ पाहिजे होता." तेव्हा आम्हाला कळलं, की परंपरा म्हणजे एक गाठोडं नव्हे, लोक त्यातून निवड करतात, आणि ती निवड हाच खरा अभ्यासाचा विषय.

आणि आता तिसरी गोष्ट : मराठीत साधनं नाहीत, या म्हणण्याची तपासणी. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि मराठी शिकून त्याने ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. वेदीवरची मिस्सा लॅटिनमध्ये, लोकांना न कळणारी. आणि मिस्सा झाल्यावर लोक ख्रिस्तपुराण वाचत, ऐकत. म्हणजे त्यांची खरी उपासना कुठे चालली होती, हा प्रबंधाचा विषय आहे की नाही? पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीजांनी स्थानिक भाषा सोडून द्यायचा हुकूम काढला. त्या हुकमाने लोकांच्या प्रार्थनेचं काय झालं, हा दुसरा.

विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ चं. 'ज्ञानोदय' १८४२ पासून. त्यातले धर्मविषयक वाद वाचायला बसलात तर एक आयुष्य पुरणार नाही. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं, 'अरुणोदय' हे आत्मचरित्र १८८८ चं. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं आणि ते काम हातावेगळं करून १९२२ मध्ये गेल्या. ते बायबल केडगावच्या मुक्ती सदनातल्या बायकांनी छापलं. रेव्हरंड ना. वा. टिळक तर आहेतच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अभंगाच्या वळणाची गीतं रचली आणि ती आज 'उपासना संगीत'मधून घरोघर आहेत. आयुष्याच्या शेवटी १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही ख्रिस्तभक्त चालत. मंडळीचा सदस्य कोण, हा ईशज्ञानातला मोठा प्रश्न त्यांनी मराठीत करून दाखवला. आणि अलीकडचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२० मध्ये इथेच, मराठवाड्यात, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

चारशे वर्षांची साधनं आहेत. कमी आहे ती वाचणाऱ्यांची. इंग्रजी नको असं आम्ही म्हणत नाही. इंग्रजी लागेल, ग्रीक लागेल, जर्मन आली तर उत्तम. पण ज्या भाषेत मंडळी रडते त्या भाषेत विचार पोहोचला नाही, तर श्लायरमाखरच्याच कसोटीवर ती विद्या नापास होते.

विद्यार्थ्याला आम्ही तीन सूचना दिल्या, त्या तुम्हालाही देतो. एक, विषय छोटा घे. 'मराठी उपासना' नको; 'दोन तालुक्यांतल्या दफनविधीत गायली जाणारी गीतं' घे. दोन, आधी पाहा आणि ऐक, मग सिद्धान्त लाव. तीन, प्रत्येक प्रकरण लिहिल्यावर त्याचा सार मराठीत, आजीला सांगितल्यासारखा, एका पानात लिही. जे त्या पानात उतरत नाही ते तुला अजून कळलेलं नाही.

विषय बऱ्याच खटपटीनंतर मंजूर झाला. आता तो गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायांची गीतं टिपून घेतोय. त्या दिवशी ज्या बाईंनी गाणं सुरू केलं होतं, त्यांच्याकडे तो सगळ्यात आधी गेला. त्या म्हणाल्या, "तू लिही बाबा, मला कुठं वाचता येतं. पण चुकलं तर मी सांगीन." आम्ही त्याला म्हटलं, हीच तुझी पहिली परीक्षक.

एक चिठ्ठी आली आहे : "ख्रिस्ती नसलेल्याने हा अभ्यास करावा का, आणि का?" जरूर करावा. पाळक होण्यासाठी श्रद्धा लागते; समजून घेण्यासाठी आदर आणि मेहनत पुरते. गंगाखेडच्या जनाबाईचं दळण आणि ओवी ज्याने मन लावून ऐकली, त्याला शेजारच्या गल्लीतली प्रार्थना परकी वाटायचं कारण नाही. आपण ती ऐकत नाही, इतकंच. ऐकायला सुरुवात करू या.